मधले सहा क्रमांक

क्रमांक ५७
वेल्स हार्बर, कनेक्टिकट
१४ नोव्हेंबर १७८०

ताई,

माथ्यावरचा सत्तावन्न पाहून दचकू नकोस. तुला मी सत्तावन्न पत्रे लिहिलेली नाहीत. एवढी चिकाटी आपल्या घराण्यात फक्त वडिलांकडे होती. तुला हे चौथे. माझ्या मेजावरून जो कागद उठतो त्यावर पुढचा आकडा पडतो, ही फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये दोन वर्षे बसून लागलेली खोड. तिथे सगळेच असे करतात. आकडा असला की कुठले पत्र वाटेत बुडाले ते घेणाऱ्याला तत्काळ कळते. तू आकडे घालत नाहीस. त्यामुळे चार वर्षांत तू मला एकही ओळ लिहिली नाहीस, की लिहिलेले सारे खाडीत बुडाले, याचा निर्णय होत नाही. माझ्या सोयीसाठी मी दुसरे धरून चालतो.

माझे हल्लीचे काम ऐकशील तर हसशील. महिन्यातून एकदा पांढरे निशाण लावून एक होडी आमच्या काठावरून तुमच्या, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सैन्याच्या, काठाला जाते. तिच्यातून लोकांना आपल्या माणसांसाठी पत्रे देता येतात, पण उघडी. ती मी वाचायची, आक्षेपार्ह ते खोडायचे, मग जाऊ द्यायची. लाखबंद पत्र पलीकडे जाता कामा नये असा सक्त हुकूम आहे आणि त्याखाली सही माझीच आहे. परवा एका विधवेने लेकीला लिहिले होते, यंदा भोपळे उदंड झाले. अन्नधान्याची बातमी शत्रूला देणे हा गुन्हा. मी भोपळे खोडले. आणि तासाभराने हे पत्र लिहायला बसलो, जे लाखेने बंद होऊन कालवे विकणाऱ्या पेलेगच्या होडीत, कालवांच्या टोपलीच्या तळाशी बसून तुझ्याकडे येईल.

अक्षर थोडे हलले आहे ते थंडीने, असे मी ठरवले आहे. गेल्या सप्टेंबरात आमचा एक मोठा सेनापती तुमच्याकडे जाऊन मिळाला, तेव्हापासून इथे माणसे एकमेकांच्या धुराड्यातला धूरसुद्धा मोजतात. पंधरवड्यापूर्वी धक्क्यावर एकाला डांबर फासून पिसे चिकटवली. त्याच्या खिशात पलीकडच्या मेव्हण्याचे पत्र सापडले होते. पत्रात काय होते ते कुणी वाचलेदेखील नाही. मी खिडकीतून पाहिले आणि पडदा ओढून घेतला.

सरकारी टपाल नेणारा ओबेड टटल तुला आठवत असेल, घोडीवर बसून मोजे विणणारा. अजून विणतो. काल म्हटले, "ओबेड, घोडी कुठे जाते ते बघतोस तरी का?"

"ती बघते की, साहेब. दोघांनी बघायची काय गरज? तुमच्या समितीत चौदा जण मिळून एक कागद बघतात, म्हणूनच तर उत्तराला महिना लागतो."

तुझ्या अंगणातल्या नासपतीने यंदा फळ धरले. घराविषयी आणखी काही लिहीत नाही.

तुझा अ‍ॅसाफ


क्रमांक ५८
वेल्स हार्बर
१६ नोव्हेंबर १७८०

किनारा समितीच्या सेवेशी, मिलफील्ड

माननीय महोदय,

विदित व्हावे की या बंदराचा बंदोबस्त यथास्थित आहे. सॉल्ट पॉइंट येथील मिठागरावर सहा जणांचा पहारा ठेवला असून तो पुरेसा आहे. अधिक माणसे पाठवून शेतीच्या कामाचा खोळंबा करण्याचे प्रयोजन दिसत नाही. पत्रव्यवहारावर करडी नजर आहे. लाखबंद एकही पत्र या काठावरून पलीकडे गेलेले नाही, याची हमी मी जातीने देतो.

आज्ञाधारक,
अ‍ॅसाफ लूमिस, किनारा आयुक्त


क्रमांक ६१
वेल्स हार्बर
१२ डिसेंबर १७८०

ताई,

पेलेगने कालवे ओतली आणि टोपलीच्या बुडातून तुझी चिठ्ठी काढून दिली. चौदा शब्द. मी मोजले. "तुझी पत्रे पोचतात. चूल पेटवायला बरी पडतात. पुढचे जरा लांब लिही, लाकूड ओले आहे."

त्या चौदा शब्दांवर मी तीन दिवस काढले. वडिलांनी तुझे नाव 'सबमिट' ठेवले, म्हणजे नमते घे, आणि साऱ्या परगण्यात तुझ्याइतकी ताठ मान दुसरी नव्हती. चिठ्ठी वाचताच त्या ताठपणाला मी मनातल्या मनात वाकून नमस्कार केला. पेलेग मिशीत हसत होता.

"साहेब, बहीण म्हणालात, पण चेहरा तसा दिसत नाही. लग्नाचा होकार आल्यासारखा दिसतोय."

"पेलेग, तुला बहीण आहे का?"

"पाच आहेत. म्हणून तर म्हणतो."

तुझे यजमान बरे आहेत ना? कप्तान नेहेमायांना माझा नमस्कार सांग, किंवा सांगू नकोस. ज्याने बरे होईल ते कर.

तुझा अ‍ॅसाफ


क्रमांक ६२
१३ डिसेंबर

ताई,

लाकूड ओले आहे म्हणालीस, म्हणून आणखी एक पान. पेलेगची होडी ओहोटीमुळे अडकली आहे.

मास्तर मला लॅटिन शिकवत आणि विभक्ती चुकली की बोटांवर पट्टी मारत, तेव्हा तू खिडकीखाली मटार सोलत बसायचीस आणि उत्तरे पुटपुटायचीस. त्या पुटपुटीवर मी कॉलेजात गेलो, कायदा शिकलो, काँग्रेसमध्ये भाषणे केली. लोक मला विद्वान म्हणतात. मटार सोलणारीला कुणी काही म्हटले नाही. एवढेच सांगायचे होते.

अ.


वेल्स हार्बर
९ जानेवारी १७८१

ताई,

या पत्रावर आकडा नाही. का नाही ते सांगतो. तीनदा पाणी पिऊन लिहायला बसलो.

समितीकडे प्रेंटिस नावाचा नवा चिटणीस आला आहे. पूर्वी शाळामास्तर होता. आधीचा चिटणीस पत्रे पोत्यात भरून ठेवी. याने ती पोती उपसली, प्रत्येकाची पत्रे आकड्यांप्रमाणे लावली आणि दोरीने बांधली. काल त्याचा कागद आला. मजकूर असा: "आपल्याकडील क्रमांक ४४, ४८, ५३, ५७, ६१ आणि ६२ ही पत्रे समितीस मिळालेली नाहीत. ती कुठे गेली याचा खुलासा व्हावा."

पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ओबेडचा राग आला, की हा धांदरट पत्रे सांडतो. दुसऱ्यांदा वाचले आणि ते आकडे बोटांवर मोजले. ती सहाही पत्रे तुझ्याकडे आहेत, ताई. समितीला लिहायचो, आकडा घालायचो. तुला लिहायचो, पुढचा आकडा घालायचो. एकच लेखणी, एकच मेज, एकाच ओळीने चाललेले आकडे. मी चोरी केली आणि चोरलेल्या प्रत्येक वस्तूच्या जागी चिठ्ठी ठेवून आलो.

आणि वेळ पाहा कशी. वीस डिसेंबरला सकाळी तुमच्या काठाच्या होड्या सॉल्ट पॉइंटवर उतरल्या. मिठागर जाळले. सहा पहारेकऱ्यांतला रूबेन नावाचा पिंपे बनवणारा तिथेच गेला. बाकीचे पळाले म्हणून वाचले. पहाऱ्यावर सहाच माणसे आहेत हे शत्रूला कुणी कळवले, याचा शोध समिती तेव्हापासून घेते आहे. मी तुला पहाऱ्याविषयी कधीही एक अक्षर लिहिलेले नाही, तू जाणतेस. पण डांबराच्या पिंपाजवळ उभ्या असलेल्या लोकांना मी ते कसे पटवू? शत्रूच्या मुलखाशी चोरून पत्रव्यवहार, याला या वर्षी एकच शिक्षा आहे, आणि ती मानेला होते.

ती पत्रे जाळ. थट्टेने म्हणालीस ते आता खरोखर कर. हे पत्रही जाळ.

अ.


क्रमांक ६४
वेल्स हार्बर
१० जानेवारी १७८१

किनारा समितीच्या सेवेशी

माननीय महोदय,

उल्लेखिलेली सहा पत्रे येथून यथाकाल रवाना झाली होती. पावसाळी हवा आणि नदीचा उतार लक्षात घेता ती वाटेत भिजून गहाळ झाली असावीत. मजकूर सामान्य होता. तरीही समितीचे दप्तर अपुरे राहू नये म्हणून त्यांच्या नकला लवकरच पाठवीत आहे.

आज्ञाधारक,
अ‍ॅसाफ लूमिस


वेल्स हार्बर
१६ जानेवारी १७८१

ताई,

हे पत्र पेलेग नेईल की शेगडी, अजून ठरलेले नाही. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि या जगात माझे सगळे खोटे ओळखणारी तू एकटी उरली आहेस.

मी सहा पत्रे बनवली. मागच्या तारखा घातल्या. चव्वेचाळीस: खारवलेल्या मांसाची पिंपे गळतात. अठ्ठेचाळीस: घोंगड्यांना कसर लागली. त्रेपन्नमध्ये धक्क्याच्या लाकडांविषयी इतका कंटाळवाणा परिच्छेद लिहिला की वाचणाऱ्याला मध्येच उठून चक्कर मारावी लागेल. कबूल करतो, खोटे लिहिताना माझी शैली सुधारते. खरे लिहिताना शंभर आडपडदे असतात.

बासष्टाशी आलो आणि मोह झाला. नोव्हेंबरात मी समितीला लिहून चुकलो होतो की सहा जणांचा पहारा पुरेसा आहे. ते पत्र प्रेंटिसच्या गठ्ठ्यात बसले आहे. सॉल्ट पॉइंट जळाल्यापासून मला ते झोपेतही दिसते. म्हणून या नव्या बासष्टात, तेरा डिसेंबरच्या तारखेने, लिहिले: "पुनर्विचारांती सॉल्ट पॉइंटचा सहा जणांचा पहारा अत्यंत तोकडा वाटतो. त्वरित वीस माणसे पाठवावीत, अन्यथा अनर्थ ओढवेल."

अनर्थ आधीच ओढवलेला होता, म्हणून भाकीत अचूक निघाले. वाचून मला जरा बरे वाटले. ओबेडने पिशवीत घातली आणि निघाला. पिवळ्या लोकरीचा मोजा होता हातात, टाचेपर्यंत आलेला.

अ.


वेल्स हार्बर
२७ जानेवारी १७८१

ताई,

समितीचे पत्र आले. माझे अभिनंदन केले आहे. माझी दूरदृष्टी वाखाणली आहे. आणि पुढे लिहिले आहे: क्रमांक ६२ वेळेवर मिळाले असते तर सॉल्ट पॉइंट वाचले असते आणि रूबेनही. असे पत्र योगायोगाने गहाळ होत नाही. ज्याअर्थी आयुक्तांच्या नकलांवरून ती सहाही पत्रे रवाना झाली हे सिद्ध आहे, त्याअर्थी ती वाटेत कुणीतरी शत्रूला विकली. टपालवाहक ओबेड टटल यास पंचवीस तारखेस कैद केले आहे. वीस फेब्रुवारीला त्याची चौकशी. चौकशीनंतरच्या कामासाठी सुताराला लाकूड सांगून ठेवले आहे.

ही शेवटची ओळ प्रेंटिसने का घातली कळत नाही. नेटकेपणा असावा.

पाहिलेस, मी काय केले ते? आकड्यांत नुसती भोके होती तोवर ती फक्त भोके होती. मी ती भरली आणि ओबेडच्या गळ्यात घातली. खरी पत्रे कधी पिशवीत गेलीच नाहीत, हे या काठावर, पेलेग सोडला तर, दोघांना ठाऊक आहे: मला आणि ओबेडला. त्याचे कुणी ऐकत नाही. माझे सगळे ऐकतात.

मी त्याच्या बाजूने एक पत्र लिहायला घेतले. "ओबेड टटल हा प्रामाणिक इसम असून." त्या 'असून'पुढे काय लिहायचे ते ठाऊक होते. लेखणी पुढे गेली नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिलो.

अ.


वेल्स हार्बर
६ फेब्रुवारी १७८१

ताई,

शेवटी 'असून'पुढे 'दयेस पात्र आहे' असे गुळमुळीत लिहून ते पत्र धाडले होते. उत्तर आले: आपल्या अंतःकरणाचा मोठेपणा दिसून आला. म्हणून स्वतः मिलफील्डला गेलो. जाताना ठरवले होते, आज सांगून टाकायचे. समितीच्या दारात प्रेंटिस उभा होता. बारीक, सर्दी झालेला, बोटांना शाई. मला म्हणाला, "लूमिस साहेब! तुमच्या पत्रांचा गठ्ठा आता पूर्ण झाला बघा. एकसुद्धा आकडा सुटलेला नाही. असं दप्तर लावून मन कसं प्रसन्न होतं." त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते, सर्दीचे असेल. मी म्हटले, "उत्तम." आणि सांगायचे राहिले.

ओबेडला खाणावळीच्या तळघरात ठेवले आहे. भिंतीतून पाणी झिरपते. तो पिंपावर बसला होता, गुडघ्यावर पिवळ्या लोकरीचा गुंता.

"मोजा उसवला माझा," तो म्हणाला. "विणीत निरोप लपवलाय म्हणे. टाक्यांची भाषा! चिटणीसबाबा उलट्या-सुलट्या टाक्यांची यादी करत बसला होता. शेवटी टाच सापडली त्याला."

मी हसलो नाही. तो हसला.

"साहेब, मला विचारतात, सहा पत्रं कुणाला दिलीस? मी म्हणतो, पिशवीत जेवढी होती तेवढी दिली. ते म्हणतात, मग लूमिस साहेब खोटं बोलतात का? मी म्हटलं, नाही बाबा, ते कसे बोलतील? असेल काहीतरी घोटाळा. ते बघतायत. ते आहेत तर मला घोर नाही."

"ओबेड..."

"एक करा. बायकोला सांगा, घोडीच्या मागच्या उजव्या पायाला हात लावताना सांभाळून. लाथ मारते."

हा निरोप मी सांगितला. मेहिटेबलला म्हटले, धीर धर. दुसरे काही सांगितले नाही. 

माझे वय एक्कावन्न आहे, ताई. स्वातंत्र्यावर मी तीन तास बोलू शकतो आणि बोललो आहे. एका पिंपावर बसलेल्या माणसापुढे चार शब्द निघाले नाहीत. भीती ही इतकी शारीरिक गोष्ट असेल असे मला कुठल्याच ग्रंथाने सांगितले नव्हते. ती इथे, कॉलरच्या बटणाखाली, बसते. मी बटण उघडे ठेवतो आहे. उपयोग होत नाही.

अ.


क्रमांक ७१
वेल्स हार्बर
१४ फेब्रुवारी १७८१

किनारा समितीच्या सेवेशी

महोदय,

क्रमांक ४४, ४८, ५३, ५७, ६१ आणि ६२ ही पत्रे ओबेड टटल याच्या पिशवीत कधीच घातली गेली नाहीत. ती समितीला लिहिलेलीच नव्हती. ती मी माझी बहीण सबमिट स्पेरी हिला लिहिली, जी पलीकडच्या काठावर राहते. ती लाखबंद होती. ती मी चोरून पाठवली. नेणाऱ्याचे नाव सांगणार नाही. समितीकडे ज्या नकला आहेत त्या मी जानेवारीत बसून रचल्या. बासष्ट तर सॉल्ट पॉइंट जळाल्यानंतर रचले, आपली चूक झाकण्यासाठी. पहारा पुरेसा आहे हे माझे अठ्ठावन्न हेच माझे खरे मत होते आणि ते चुकीचे होते. रूबेनचा मृत्यू त्या चुकीत मोडतो.

बहिणीला लिहिलेल्या पत्रांत पहारा, दारूगोळा, होड्या यांविषयी काही नाही. नासपती, लॅटिन आणि ओले लाकूड यांविषयी आहे. यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करण्याचा अधिकार मी गमावला आहे.

ओबेड टटलला सोडावे. मी घरीच आहे.

अ‍ॅसाफ लूमिस


वेल्स हार्बर
त्याच दिवशी, दुपारी

ताई,

ते पत्र गेले. कसे गेले ते सांगतो.

नवरा कैदेत गेल्यापासून टपाल मेहिटेबल नेते. घोडीला रस्ता ठाऊक आहेच. सकाळी दहाला दारात येऊन उभी राहिली. "द्या काय असेल ते. उद्या दुपारपर्यंत मिलफील्डला पोचते."

मी म्हटले, "देण्याआधी तुला वाचून दाखवतो."

"मला? मी काय समितीवर आहे?"

तिला अक्षर लागत नाही. मी उभ्याने वाचले. वाचून झाल्यावर तिने माझ्या छातीवरच्या बटणाकडे पाहिले.

"म्हणजे तो म्हणत होता तेच खरं. जेवढी पिशवीत तेवढीच दिली."

"हो."

"वीस दिवस! तिथं पाणी येतं भिंतीतून. तुम्ही बघून आलात. येऊन मला म्हणालात, मेहिटेबल, धीर धर. आणि मी धरला! तुमच्या तोंडाकडं बघून धरला, मेला."

मी पत्राची घडी घालून तिच्यापुढे धरली.

"आणि हे सगळं कुणासाठी? कोण ही बाई?"

"माझी बहीण."

"बहीण!" ती खुर्चीवर बसली, न विचारता. "अहो, दुसरी कुणी असती तर एक वेळ समजले असते मी. पुरुष कशापायी घसरतात ठाऊक आहे मला. पण बहिणीसाठी? आणि लिहिलंत काय, तर नासपती?"

"नासपती."

तिने पत्र घेतले, पिशवीत घातले, पट्टा आवळला. दारात थांबली. पाठमोरीच म्हणाली, "घोडीचा नाल ढिला झालाय. परवापर्यंत काही पोचत नाही मी. पेलेग उद्याच्या भरतीला निघतोय म्हणे."

ताई, तिच्या नवऱ्याला मी फासापर्यंत नेले, आणि ती मला एक दिवस देत होती. तुझ्या काठापर्यंत वीस मैल. तू दार उघडले असतेस की नाही ठाऊक नाही, पण शिव्या घालण्यापुरते तरी उघडले असतेस. माझे पाय त्या क्षणी खरोखर धक्क्याकडे वळले. तीन पावले मोजून.

मग ध्यानात आले. मी पळालो तर ते पत्र एका फितुराचे पत्र ठरेल. फितुराने ज्याला निर्दोष म्हटले तो त्याचा साथीदार. ओबेड त्याच तळघरातून थेट सुताराकडे जाईल.

मी म्हटले, "नाल घट्ट आहे, मेहिटेबल. मी सकाळी पाहिला."

ती वळली. माझ्याकडे नीट पाहिले, पहिल्यांदाच. "मग बसून राहा. हलू नका या घरातून. हललात तर मीच येईन शोधायला." आणि पायरी उतरताना, "खाऊन घ्या काहीतरी. तोंड बघा कसं झालंय."

मी मक्याची लापशी केली. दोन चमचे खाऊन ठेवून दिली.

अ.


वेल्स हार्बर
१६ फेब्रुवारी १७८१

ताई,

दुपार झाली आहे. अजून कुणी आले नाही. कालपासून रस्त्यावर जे चाक वाजते ते माझ्यासाठी वाजते. दूधवाल्याच्या गाडीला मी दोनदा उठून उभा राहिलो.

वेळ आहे तोवर एक गोष्ट लिहितो. सहा पत्रांत मी तिच्याभोवती नुसत्या घिरट्या घातल्या.

१७७६ च्या शरदात, तुम्ही राजाच्या बाजूचे म्हणून, तुझ्या घरावर जप्ती आली. त्या कागदावर सात सह्या होत्या. तुला त्या वाचून दाखवल्या गेल्या असतील. पहिली माझी. कुणीच पुढे होईना. सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण घर माझ्या बहिणीचे होते आणि मी काय करतो यावर माझी निष्ठा ठरणार होती. मी भ्यालो. आज जे बटणाखाली बसले आहे तेच तेव्हाही तिथे होते. फक्त त्या दिवशी मी त्याला देशप्रेम म्हटले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सही सुंदर आली होती. तू मुलांना घेऊन होडीत बसलीस तेव्हा मी समितीच्या खोलीत होतो, खिडकीला पाठ करून. तू मागे वळून पाहिलेस का, हे मला कधी कळले नाही. विचारण्याचा हक्कही नाही.

क्षमा माग असे मला कुणी सांगितले असते तर मी लॅटिनमध्ये चार प्रकारांनी मागितली असती. तुझ्याकडे ती कशी मागायची ते येत नाही. म्हणून नासपतीविषयी लिहीत राहिलो. नासपती चांगली आहे. तुझ्या घरात ठेवलेले पहारेकरी तिच्या फांद्या तोडत होते. मी मना केले.

घोडे.

दोन माणसे आहेत समितीची, आणि ओबेड. ओबेड सुटला, ताई. मेहिटेबल त्याच्या मागे बसून आली होती. वळणावर उतरून घराकडे गेली, इकडे पाहिले नाही. ओबेडची दाढी वाढली आहे. त्या दोघांना वाट दाखवायला आणले असेल त्याला. जणू मी कुठे राहतो हे त्यांना ठाऊक नाही.

मोठा आहे तो आत आला. टोपी काढली नाही. म्हणाला, "लूमिस साहेब, चला."

मी म्हटले, "पत्र पुरे करायचे आहे."

"कुणाला?"

"बहिणीला. तुम्ही वाचू शकता."

त्याने ओबेडकडे पाहिले. का पाहिले कोण जाणे, कदाचित सगळ्यात मोठा अन्याय त्याच्यावर झाला म्हणून. ओबेड अंगणात घोडीचा लगाम धरून उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "घोडीला पाणी पाजतो. ती पिईपर्यंत लिहू दे त्यांना. मग निघू."

तो विहिरीवर गेला आहे. बादली काढतो आहे. मला इथून दिसते.

मला फार भीती वाटते, ताई. मिलफील्डच्या रस्त्याने मी शंभरदा गेलो आहे आणि आज तो आठवत नाही. ते मला काय करतील ठाऊक नाही. मोठा म्हणाला नाही, मी विचारले नाही. सुताराने ते लाकूड परत नेले की नाही, हेही विचारले नाही. लिहीत राहिलो आहे, लेखणी कागदावरून उचलत नाही. तुला कसली आठवण लिहू? मटार. तू मटार सोलताना शेंग फोडायचीस तो टचकन आवाज. मास्तर विचारायचे, हा कसला आवाज? मी म्हणायचो, पाऊस.

तो दुसरा माणूस उंबऱ्यावर पाय आपटतो आहे.

घोडीने मान वर करून बराच वेळ झाला. ओबेड अजून तिच्यापुढे बादली धरून उभा आहे.